मित्र आणि यजमानांसोबत पायी लिस्बन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिस्बनला निघालेल्या मित्रमंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तिथे तुमच्या ओळखीचं कुणी राहत असेल, मग तो जुना सहकारी असो, मैत्रीण असो की एखादं गोवेकर कुटुंब, तर हे पान खास तुमच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगून ठेवते: यजमान भेटला असेल तर कुठून कसं चालायचं हे त्याच्यावर सोपवा. हे शहर पायी बघावं, आणि तिथल्या माणसाच्या चालीने बघावं.

एवढी शहरं असताना लिस्बनच का?

कारण ते पायांच्या आवाक्यातलं आहे. मूळ शहराची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास आहे, म्हणजे राजधानी असूनही आपल्याकडच्या मध्यम शहराएवढीच. नदीकाठच्या मोठ्या चौकातून निघालात तर अर्ध्यापाऊण तासात सां जॉर्जच्या किल्ल्यापाशी पोचता. वाटेत चढ आहे, पायऱ्या आहेत, आणि अधूनमधून असा एखादा कठडा येतो की खाली लाल कौलं आणि पलीकडे तेजो नदी पसरलेली दिसते. अशा कठड्यांना तिथे मिरादोरू म्हणतात. समुद्राकडे जाताना नदी इतकी रुंद होते की पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती खाडीच वाटते.

दुसरं कारण आपल्या इतिहासातलं आहे. त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

किती दिवस लागतात? दिवसाला किती चालावं?

चार दिवस बरे, पाच असतील तर उत्तम. एका दिवशी एकच टेकडी, हा नियम पाळा. शहर सात टेकड्यांवर वसलंय असं म्हणतात, आणि सकाळी एक व दुपारी दुसरी चढायला गेलात तर तिसऱ्या दिवशी कुणीतरी हॉटेलवरच थांबतं. पहिल्या दिवशी बायशा ही सपाट वस्ती आणि तिच्याशेजारचा शियादू, दुसऱ्या दिवशी अल्फामा, तिसऱ्या दिवशी मोरारिया आणि ग्रासा, चौथ्या दिवशी नदीकाठाने बेलें. बेलें मध्यापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. रस्ता सपाट आहे. जाताना चालत जावं, येताना पंधरा नंबरची ट्राम पकडावी.

मार्ग आपण ठरवायचा की यजमानाने?

यजमानाने. आणि त्याला यादी पाठवू नका, फार तर दोन जागा सांगा.

असं का म्हणते ते सांगते. आमची यजमानीण साठी ओलांडलेली, जन्मापासून अल्फामात राहिलेली. घरापासून से कॅथेड्रलपर्यंतचं अंतर फोनवर दहा मिनिटांचं दिसत होतं. तिच्यासोबत ते कापायला दीड तास लागला. आधी बेकरीत गेलो. तिथे पाव घेताना बेकरीवालीच्या नातवाची चौकशी झाली. मग एका खिडकीखाली थांबलो. वरून एक आजी टोपली दोरीने खाली सोडत होती, त्यात पावाचा एक नग गेला. मग एका जिन्यापाशी तिने आम्हाला थांबवून भिंतीवरची निळीपांढरी फरशी दाखवली. त्यावर संत अंतोनियो होता. हा लिस्बनचा लाडका संत, आणि त्याचा जन्म कॅथेड्रलच्या शेजारीच झाला असं मानतात.

जून महिना होता. दारोदार कुंड्यांत मांजेरिकू ठेवलेले. ही बारीक पानांची, चेंडूसारखी गोल वाढणारी तुळशीच्या जातीची झुडपं. कुंडीत कागदाचं एक कार्नेशनचं फूल आणि एका चिठ्ठीवर चार ओळींची प्रेमकविता खोचलेली. आमच्यातला एक जण वास घ्यायला वाकला, तर तिने त्याचा दंड धरून मागे ओढला. नाक लावलं तर झाड कोमेजतं, असं तिथे मानतात. तळहात पानांवरून हलकेच फिरवायचा आणि मग हात हुंगायचा. आम्ही सगळ्यांनी ओळीने तसं केलं. मार्गदर्शकाच्या छत्रीमागून चाळीस जणांच्या घोळक्यात जाताना हे कुणी दाखवत नाही.

अल्फामाच्या गल्ल्या इतक्या वेड्यावाकड्या आणि बायशाचे रस्ते पट्टीने आखल्यासारखे, असं का?

१ नोव्हेंबर १७५५ च्या सकाळी लिस्बनला प्रचंड भूकंप झाला. ऑल सेंट्सचा सण होता, चर्चं माणसांनी भरलेली होती. लोक जीव वाचवायला नदीकाठच्या मोकळ्या जागेत धावले, आणि साधारण चाळीस मिनिटांनी समुद्राच्या लाटा नदीतून आत आल्या. उरलंसुरलं शहर आगीत गेलं; ती आग कित्येक दिवस धुमसत होती. अल्फामा पक्क्या खडकावर असल्यामुळे बरीचशी वाचली, म्हणून तिथली मूरकालीन, म्हणजे जुन्या मुस्लिम राजवटीतली, गल्ल्यांची रचना आजही तशीच आहे. बायशा मात्र भुईसपाट झाली.

राजा जुझेच्या दरबारातला मंत्री, ज्याला पुढे मार्केस दे पोम्बाल म्हणून ओळखलं गेलं, त्याने शहर नव्याने आखून घेतलं. सरळ रस्ते, सारख्या उंचीच्या इमारती आणि भिंतींच्या आत लाकडी सांगाडा. त्या सांगाड्याला 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. जमीन हलली तर लाकूड लवेल आणि इमारत उभी राहील, हा त्यामागचा विचार होता. रस्त्यांना धंद्यांची नावं दिली: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता. आपल्या पेठांमधल्या तांबट आळी, बोहरी आळी आठवतील.

हे समजून घ्यायचं असेल तर आधी सांता लुझियाच्या कठड्यापाशी जा. तिथल्या भिंतीवर फरश्यांचं एक मोठं चित्र आहे, त्यात नदीकाठचा राजवाड्याचा चौक भूकंपाआधी कसा होता ते दाखवलंय. ते नीट पाहून खाली त्याच चौकात उतरा. त्याचं नकाशावरचं नाव प्रासा दु कुमेर्सियु, पण जुने लोक अजून 'तेरैरू दु पासू', म्हणजे राजवाड्याचं अंगण, असंच म्हणतात. राजवाडा जाऊन अडीचशेहून जास्त वर्षं झाली. शेवटी शियादूच्या वर कार्मोच्या मठात जा. त्याचं छत भूकंपात पडलं ते पुन्हा घातलंच नाही. कमानी उघड्या आकाशाखाली उभ्या आहेत. माझ्या मते संपूर्ण शहरात पाहण्यासारखी ही पहिली जागा.

आईबाबा सोबत आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. जमेल का?

जमेल, फक्त चढायचं यंत्राने आणि उतरायचं पायाने. रुआ दुश फांकैरुश या रस्त्यावरच्या एका इमारतीतून फुकट लिफ्ट आहे. ती वरच्या रस्त्याला सोडते. तिथून चार पावलांवर एका सुपरमार्केटच्या इमारतीत दुसरी लिफ्ट आहे, ती किल्ल्याच्या पायथ्याशी नेते. बायशातून शियादूला चढायचं असेल तर बायशा-शियादू मेट्रो स्टेशनात शिरा आणि सरकत्या जिन्यांनी वरच्या दाराने बाहेर पडा. तिकीट लागत नाही. सांता जुश्टाचा १९०२ चा लोखंडी लिफ्टचा मनोरा सुंदर आहे, पण त्याच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना तासभर उभं करू नये. तो खालून बघून पुढे जावं.

ग्लोरियाच्या रस्त्यावरच्या केबलवर चालणाऱ्या गाडीला सप्टेंबर २०२५ मध्ये भीषण अपघात झाला, त्यात सोळा जण गेले. तिथल्या लोकांना त्याचा जबर धक्का बसलेला आहे. तो विषय गप्पांत काढताना जपून.

बूट कोणते?

रबरी, खाचांचा तळवा असलेले, आधी वापरून सैल झालेले. सगळे पदपथ हाताने बसवलेल्या लहान दगडांचे आहेत, पांढरा चुनखडीचा दगड आणि त्यात काळ्या दगडाची नक्षी. शतकानुशतकांच्या नव्हे, पण दीडपावणेदोन शतकांच्या वापराने ते गुळगुळीत झालेत, आणि पाऊस पडला की उतारावर पाय टिकत नाही. रोसियू चौकातली लाटांची नक्षी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातली आहे. कुठे कारागीर गुडघ्यावर बसून दगड बसवताना दिसला तर दोन मिनिटं थांबा. दगड तळहातावर धरायचा, हातोडीच्या एका ठोक्यात त्याचा कोपरा उडवायचा, खाचेत ठेवायचा, वरून ठोकायचा. या कामासाठी महापालिकेने शाळा चालवली आहे, कारण नवे हात मिळेनासे झाले होते.

अठ्ठावीस नंबरची ट्राम चुकवू नये म्हणतात, खरं का?

चुकवली तरी चालेल. गाड्या जुन्या, लाकडी, देखण्या आहेत, पण दिवसभर खचाखच भरलेल्या असतात आणि खिसेकापूंना ही ट्राम फार आवडते. बसायचंच असेल तर सकाळी आठच्या आधी मार्तिम मोनिझला पहिल्या थांब्यावर चढा. नाहीतर तिच्या रुळांच्या कडेने चाला, शहर तेच दिसतं.

गोवा, वसई, मुंबई यांचा धागा लिस्बनमध्ये कुठे सापडतो?

पावलोपावली. मी तर म्हणेन मराठी माणसाने एक पूर्ण दिवस याच धाग्याने चालावं.

ग्रासाच्या उतारावर सां विसेंत द फोरा हा मठ आहे. तिथे पोर्तुगालच्या ब्रागांझा राजघराण्याच्या कबरी आहेत आणि त्यांत कातारिना आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी तिचं लग्न ठरलं तेव्हा १६६१ च्या तहात मुंबई बेट इंग्रजांना द्यायचं कबूल झालं. शाळेच्या पुस्तकात 'आंदण दिलेली मुंबई' हे एका ओळीत संपतं. इथे ती राजकन्या दगडाखाली आहे. विधवा झाल्यावर ती लिस्बनला परतली आणि १७०५ मध्ये इथेच वारली. त्यानंतर चौतीस वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी वसई घेतली. वसईच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत अजून आहेत, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली त्यांतलीच. ज्यांनी ती घंटा पाहिली आहे त्यांनी लिस्बनच्या चर्चची घंटा वाजताना जरूर थांबून ऐकावी.

बेलेंला जेरोनिमुश मठात वास्को द गामाची कबर आहे. मठाचं काम १५०१ मध्ये सुरू झालं, मसाल्याच्या व्यापाराच्या पैशातून. खांबांवर दोरखंड, शिंपले, समुद्री वनस्पती कोरल्या आहेत. थोडं पुढे नदीकाठी १९६० चं दर्यावर्दींचं स्मारक आहे. त्याच्यावरच्या रांगेत फ्रान्सिस झेवियरही आहे, ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या चर्चमध्ये आहे. हे स्मारक सालाझारच्या हुकूमशाहीत उभं राहिलं, म्हणजे गोवा त्यांच्या ताब्यात असतानाच. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला.

आणि एक जागा अशी आहे जिथे पर्यटक जात नाहीत. काइश दु सोद्रे स्टेशनातून किनाऱ्याने जाणारी लोकल घेतली की वाटेत काशियाश लागतं. तिथल्या किल्ल्याच्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीकडचे, गोव्यात शिक्षक म्हणून गेले, मुक्तिलढ्यात उतरले. १९५५ मध्ये पकडले गेले आणि पुढे लिस्बनला नेले गेले. गोवा मुक्त झाल्यावरही त्यांची सुटका झाली नाही. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात चळवळ झाली, सुधीर फडके त्यात पुढे होते. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. किल्ला आजही तुरुंगच आहे, आत जाता येत नाही. पण गाडीच्या खिडकीतून ती टेकडी बघताना गोव्याचे दिवस सोडून इथे काढलेल्या त्या वर्षांचा विचार मनातून जात नाही. राजकीय कैद्यांवर काय गुदरलं हे पाहायचं असेल तर कॅथेड्रलजवळच्या अल्जुबे संग्रहालयात जा. तोही पूर्वीचा तुरुंगच.

पोर्तुगीज यजमानाशी हा विषय काढावा का?

काढावा, मोकळेपणाने. बरेच जण समजतात की तो दुखावेल. माझा अनुभव वेगळा आहे. त्यांनाही त्याच हुकूमशाहीने चिरडलं होतं. २५ एप्रिल १९७४ ला सैनिकांनी ती उलथवली आणि लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनं खोचली. त्या दिवशी पंतप्रधान कायतानो कार्मोच्या चौकातल्या छावणीत होता आणि तिथेच शरण आला. त्याच वर्षअखेरीस पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. आमच्या यजमानिणीचा नवरा तेव्हा कोवळा पोरगा होता. त्या चौकात जॅकरँडाच्या झाडाखाली उभं राहून तो दिवस सांगताना त्याचा आवाज भरून आला. मग त्याने आम्हाला रानड्यांबद्दल विचारलं आणि आम्ही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

गोवेकर यजमान असेल तर मात्र आधी ऐका. काही कुटुंबं १९६१ नंतर आली, काही मोझांबिकमार्गे १९७५ च्या सुमारास. प्रत्येकाची आठवण निराळी आहे, आणि 'मुक्ती' हा शब्द प्रत्येकजण वापरेलच असं नाही. वाद घालायला पाहुणा म्हणून जाऊ नये. अल्कांतारा भागात 'कासा द गोवा' ही त्यांची संस्था आहे. अंतोनियो कोश्ता, जे लिस्बनचे महापौर आणि नंतर पोर्तुगालचे पंतप्रधान झाले, त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं; हे सांगताना प्रत्येक गोवेकर यजमानाचा चेहरा खुलतो.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहत नाही, पण विचारून खावं लागतं. मासे आणि डुकराचं मांस हे तिथलं रोजचं जेवण. काल्दू वेर्द नावाचं हिरव्या पानांचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्यात बहुधा सॉसेजची चकती असते. चामुसा म्हणजे आपला समोसा, गोवेकरांनी आणि मोझांबिकच्या गुजरात्यांनी तिथे रुजवला. तो प्रत्येक कॅफेत मिळतो, पण आत बहुतेक वेळा खिमा असतो. 'पैशिन्युश द ओर्ता' मागवा. नावात मासे आहेत, पदार्थ मात्र फरसबीची भजी. लुमियार भागात राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे, तिथल्या उपाहारगृहात शाकाहारी ताट मिळतं. वाणसामान हवं असेल तर मार्तिम मोनिझच्या दुकानांत तूरडाळीपासून कढीपत्त्यापर्यंत सगळं आहे.

पास्तेल द नाता अंड्याचं असतं. अंडं चालत असेल तर बेलेंच्या १८३७ पासूनच्या दुकानात गरम गरम, वर दालचिनी भुरभुरून खा. उभ्याने घ्यायची रांग लांब दिसते, आतल्या दालनात बसायला जागा लवकर मिळते.

एक लक्षात ठेवा: हॉटेलात बसल्याबरोबर न मागता येणारा पाव, ऑलिव्ह, चीज फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

यजमानाने घरी जेवायला बोलावलंय. काय लक्षात ठेवावं?

पत्त्यात '३º Esq.' सारखं जे असतं ते म्हणजे तिसरा मजला, डावीकडचं दार, 'Dto.' म्हणजे उजवीकडचं. तळमजला मोजत नाहीत. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते आणि जिन्यातला दिवा मिनिटभरात आपोआप विझतो, बटण प्रत्येक मजल्यावर असतं.

बायका गालाला गाल लावून दोनदा अभिवादन करतात, पुरुष हात मिळवतात. तुम्हाला अवघड वाटलं तर हसून हात पुढे करा, चालतं. चपला दारात काढायची पद्धत नाही. आभार मानताना बाईने 'ओब्रिगादा' म्हणावं, पुरुषाने 'ओब्रिगादु'. स्पॅनिश शब्द वापरू नयेत, ते त्यांना खरंच आवडत नाही. भेट म्हणून घरचा चिवडा, काजू, चांगला चहा न्या. आम्ही नेलेल्या पुरणपोळ्या यजमानिणीने कॉफीबरोबर खाल्ल्या आणि दोन शेजारणीसाठी बाजूला काढून ठेवल्या.

फादो, म्हणजे लिस्बनची पारंपरिक गाणी, ऐकायला कुठे जावं?

यजमान नेईल तिथे. मोरारिया आणि अल्फामात लहान खाणावळी आहेत, तिथे स्वयंपाकघरातून एप्रन सोडत येऊन गाणारीही भेटते. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात आणि बोलणं, चमच्याचा आवाज, वेटरची ये-जा, सगळं थांबतं. आपणही थांबावं. फोनवर चित्रण करू नये. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात खाऊन घ्यावं.

गल्ल्यांत फोटो काढले तर चालतात ना?

भिंतींचे, फरश्यांचे, ट्रामचे खुशाल काढा. उघड्या खिडकीतून आतले, वाळत घातलेल्या कपड्यांखाली उभ्या आजीचे, न विचारता नाही. अल्फामातली कितीतरी घरं आता पर्यटकांना भाड्याने दिली जातात, भाडी परवडत नाहीत म्हणून जुनी बिऱ्हाडं उठली. आमच्या यजमानिणीच्या जिन्यात पूर्वी सगळे शेजारी होते, आता दोन दारं सोडली तर बाकी ठिकाणी दर आठवड्याला नवी माणसं असतात. दगडी गल्लीत पहाटे बॅगांची चाकं वाजली की तिची झोप जाते. त्यामुळे बॅग असेल तर उचलून न्या, रात्री दहानंतर गल्लीत आवाज खाली ठेवा, आणि राहायची सोय शक्य असेल तर साध्या हॉटेलात करा.

कोणत्या महिन्यात जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. जूनमध्ये १२ तारखेच्या रात्री संत अंतोनियोचा उत्सव असतो. गल्लोगल्ली सार्डिन भाजतात, नाच रंगतात, अल्फामात मुंगी शिरायला जागा नसते. गर्दी आवडणाऱ्याने त्याच रात्री जावं. हिवाळ्यात पाऊस असतो आणि घरांत हीटर नसल्याने बाहेरपेक्षा आत जास्त थंडी वाजते.

मित्रांत खर्च कसा वाटावा? यजमानाला पैसे द्यायचे का?

रोजचा एक खजिनदार ठरवा, कॉफीचा हिशेब तिथल्या तिथे काढत बसू नका. यजमानाला पैसे देऊ केले तर तो दुखावतो. एका दुपारी त्याच्या आवडीच्या खाणावळीत त्याला जेवायला न्या, आणि बिल येण्याआधी काउंटरवर जाऊन भरून टाका, कारण टेबलावर आलं तर तो ते हातात येऊ देणार नाही.

रात्री चालत परतणं सुरक्षित आहे का?

बहुतेक भागांत आहे. बाइरू आल्तूमध्ये मध्यरात्रीपर्यंत तरुणांची गर्दी असते, तिथे खिसा सांभाळा. रोसियूच्या आसपास कुणी हळूच जवळ येऊन मादक पदार्थ विचारतो. 'नाऊं' म्हणून चालत राहा, तो मागे लागत नाही. मेट्रो रात्री एकला बंद होते. त्यानंतर नदीच्या दिशेने खाली उतरत राहा: काइश दु सोद्रेला रात्रभर बस आणि टॅक्सी मिळतात.